आमच्या काकीसाठी नारी शक्ती पुरस्कार: अर्ज कसा करायचा, आणि तिच्या एकटीच्या नावाने की सगळ्या जणींच्या?

प्रश्न · खाडीकाठची (मालवण तालुका)

नमस्कार मंडळी,

मी मालवण तालुक्यात खाडीच्या काठावरच्या एका गावात राहते. उमेदची (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची) सीआरपी, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून बचतगटांची पुस्तकं लिहिते, बँकेच्या खेपा घालते, बायकांना सहीपुरतं का होईना लिहायला शिकवते. आज विचारायचं आहे ते माझ्या चुलत सासूबाईंबद्दल. अख्खा गाव त्यांना काकीच म्हणतो, आणि अगोतुगो करतो, म्हणून मीही तसंच लिहिते.

काकी साठीच्या पुढची आहे. शाळा चौथीपर्यंत. आमच्या खाडीत सुकती (ओहोटी) लागली की बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरतात, पायाने वाळू चाचपून तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात वाटे लावून विकतात. ज्यांच्या घरात होडी नाही, जाळं नाही, घरधनी नाही, त्यांचा संसार या तिसऱ्यांवर चालतो. मधल्या काळात खाडीत सक्शन पंप लावून वाळू उपसायला सुरुवात झाली. रात्रभर घरघर चालायची. तिसऱ्यांचं बी बसतं ती उथळ वाळूच निघून गेली, आणि बायका दोन-दोन तास पाण्यात राहून मूठभर माल घेऊन वर यायला लागल्या.

तेव्हा काकीने दारोदार जाऊन बायका गोळा केल्या. आधी महिला ग्रामसभेत आणि मग मोठ्या ग्रामसभेत विषय मांडला. खाडीचा अमुक एक पट्टा सोडा, तिथे पंप नको, हातपाटीने वाळू काढणारेही नकोत, असा ठराव करून घेतला. नुसता ठराव करून थांबली नाही. स्वतःच्या बायकांनाही नियम घातले. अंगठ्याच्या पेरापेक्षा बारीक तिसरी मिळाली तर परत पाण्यात टाकायची. पावसाळ्यात त्या पट्ट्यात उतरायचं नाही. हे नियम मोडणाऱ्या स्वतःच्या सख्ख्या नणंदेला तिने सगळ्यांसमोर पाटी उलटी करायला लावली होती. आता पट्टा पुन्हा भरला आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने आमचे माड आडवे झाले, कित्येक दिवस लाईट नव्हती, होड्या बंद होत्या. त्या दिवसांत घराघरात चूल पेटली ती या पट्ट्यातल्या तिसऱ्यांवर.

मला मनापासून वाटतं की या बाईचा मान राष्ट्रपती भवनात व्हावा.

मागच्या महिन्यात एक फोन आला. दिल्लीत मोठ्या हॉटेलात ‘राष्ट्रीय’ महिला सन्मान सोहळा आहे, तुमच्या गटातल्या कुणाचं नाव द्या, नोंदणी फी वीस हजार, फोटो आणि ट्रॉफी त्यातच. मी काकीला सांगितलं तर ती म्हणाली, “बक्षिसाक आपण पैशे देवचे? मगे ता बक्षीस कसला?” तिथेच विषय संपला. पण खरा सरकारी पुरस्कार कोणता, तो कोण देतं, अर्ज कुठे करायचा, चौथी शिकलेल्या बाईला मिळतो का, हे मला नीट कुणी सांगितलेलं नाही. एका कार्यालयात विचारलं तर “त्याला मोठी ओळख लागते” एवढंच उत्तर आलं.

कुणाला माहिती असेल तर कृपया सविस्तर लिहा.

उत्तर १ · निवृत्त मुख्यसेविका (कणकवली)

अगो बाय, आधी त्या फोनवाल्याचा नंबर ब्लॉक कर. शासनाच्या कुठल्याही नागरी सन्मानाला नोंदणी फी नसते. पैसे मागितले की तो सरकारी सन्मान नव्हे, मग नावात ‘राष्ट्रीय’ असो की ‘भारत’ असो.

मी एकात्मिक बालविकास सेवा योजनेत मुख्यसेविका होते, नोकरीभर गावोगाव अंगणवाड्या बघत फिरले. त्यामुळे हे प्रस्ताव हातून गेलेले आहेत. जे सांगते ते नीट वाच.

तू म्हणतेस तो पुरस्कार केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा. १९९९ मध्ये तो ‘स्त्री शक्ती पुरस्कार’ म्हणून सुरू झाला. तेव्हा त्यातले वेगवेगळे पुरस्कार इतिहासातल्या आणि आख्यायिकांतल्या स्त्रियांच्या नावाने असत: देवी अहिल्याबाई होळकर, माता जिजाबाई, राणी लक्ष्मीबाई, दक्षिणेतली कण्णगी, नागा प्रदेशातली राणी गाइदिन्ल्यू. २०१५ मध्ये त्याची फेररचना झाली आणि ‘नारी शक्ती पुरस्कार’ हे नाव आलं. स्त्रियांसाठीचा हा केंद्राचा सर्वोच्च नागरी पुरस्कार मानतात. ८ मार्चला राष्ट्रपती भवनात, राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जात असे. २०२० आणि २०२१ चे पुरस्कार करोनामुळे राहिले होते, ते ८ मार्च २०२२ ला एकत्र दिले गेले. तेव्हा एकूण २९ जणी होत्या.

आता तुझा चौथीचा प्रश्न. राहीबाई पोपेरे हे नाव तुला माहीत असेल. अकोले तालुक्यातलं कोंभाळणे गाव, शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, गावठी बियाणं जपलं. त्यांना मार्च २०१९ मध्ये नारी शक्ती मिळाला आणि २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. धाराशिव जिल्ह्यातल्या हिंगळजवाडीच्या कमल कुंभार, बांगड्या विकून सुरुवात केलेल्या, त्यांना २०१७ मध्ये मिळाला. सिंधुताई सपकाळांना २०१८ मध्ये. बुलढाण्याच्या वनिता बोराडे साप पकडून जंगलात सोडतात, त्या २०२२ च्या सोहळ्यात होत्या. कानपूरच्या कलावती देवी गवंडीकाम करतात, वस्त्यांमधून हजारो शौचालयं बांधली, त्यांना २०२० च्या महिला दिनी. यातल्या कुणाच्या घरची मोठी ओळख होती? ज्याने तुला ते उत्तर दिलं त्याला माहिती नव्हती, म्हणून ओळखीवर ढकललं.

वयाची अट किमान २५ वर्षं. संस्थेला द्यायचा असेल तर त्या क्षेत्रात किमान पाच वर्षांचं काम. हो, संस्थेलाही देतात. २०१५ च्या रचनेत व्यक्तीला १ लाख आणि संस्थेला २ लाख अशी रक्कम ठेवली होती. हे मुद्दाम सांगते आहे, कारण तुझा प्रश्न वाचल्यापासून माझ्या मनात हेच घोळतंय की हा प्रस्ताव काकीचा की गटाचा? ते ठरव आधी.

अर्ज ऑनलाइन, केंद्राच्या पुरस्कारांसाठी एकच पोर्टल आहे, ‘अवॉर्ड्स डॉट जीओव्ही डॉट इन’. तिथे सध्या कोणती नामांकनं खुली आहेत ते दिसतं. नारी शक्तीची खिडकी बंद दिसली तर तीच माहिती पद्म पुरस्कारांसाठी वापरता येते. पद्मचं नामांकन कुणीही सामान्य नागरिक करू शकतो, स्वतःचंसुद्धा. तिथे कामाचं वर्णन जास्तीत जास्त ८०० शब्दांत लिहायचं असतं. पद्मला रोख रक्कम नसते. आपल्याच पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांसाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा सिंधुदुर्गातून दिल्ली लांब आहे हेही मनातून काढून टाक.

सगळ्यात महत्त्वाचं. प्रस्ताव पडतात ते कागदाअभावी. मी कितीतरी प्रस्तावांत वाचलंय, ‘समाजासाठी अहोरात्र झटणारी, त्यागमूर्ती, कर्तृत्ववान महिला’. त्यावरून वाचणाऱ्याला काय कळणार? कोणती खाडी, कोणत्या साली कोणता ठराव, त्याआधी एका सुकतीला किती तिसऱ्या मिळत आणि आता किती, किती बायका, किती घरं, हे लिही. ग्रामसभेच्या इतिवृत्ताची सही-शिक्क्याची नक्कल काढ. गटाची जमाखर्चाची पुस्तकं तुझ्याच हातची आहेत ना? त्यात तिसऱ्यांची विक्री दिसत असेल. त्या पानांच्या फोटोइतका चांगला पुरावा नाही.

उत्तर २ · दर्यावर्दी (रत्नागिरी)

मी व्यापारी जहाजांवर असतो, सध्या सुट्टीवर घरी. वरच्या ताईंनी व्यक्ती की गट हा प्रश्न काढला म्हणून लिहितो.

‘तारिणी’ आठवते का? नौदलाची शिडाची होडी, गोव्यात दिवाडी बेटावरच्या कारखान्यात बांधलेली. १० सप्टेंबर २०१७ ला सहा महिला अधिकारी तिच्यातून गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि २१ मे २०१८ ला परत गोव्याला आल्या. वर्तिका जोशी कॅप्टन होत्या. त्यांना नारी शक्ती पुरस्कार मिळाला तो सहा जणींच्या चमूला. जहाजावर राहिलेल्या माणसाला हे लगेच पटतं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, केप हॉर्नच्या लाटांत सुकाणूवर कुणीतरी एकटीच असते, पण तिची पाळी संपल्यावर झोपेतून उठून दुसरी येते म्हणूनच होडी पुढे जाते.

दुसरं उदाहरण व्यक्तीचं. कॅप्टन राधिका मेनन, आपल्या व्यापारी नौदलातल्या पहिल्या महिला कॅप्टन. जून २०१५ मध्ये बंगालच्या उपसागरात ‘दुर्गाम्मा’ नावाची मच्छीमार होडी इंजिन बंद पडून भरकटली होती. त्या ‘संपूर्ण स्वराज्य’ या टँकरवर होत्या. खवळलेल्या समुद्रात त्यांनी सात मच्छीमारांना वर घेतलं. घरच्यांनी त्यांची आशा सोडली होती. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार २०१६ मध्ये त्यांना मिळाला, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला, आणि ८ मार्च २०२२ ला नारी शक्ती. तिथे निर्णय एका माणसाचा होता. टँकर वळवायचा की नाही हे कॅप्टनच ठरवतो आणि त्याची जबाबदारीही त्याच्याच डोक्यावर.

तुमच्या काकींचं काम यातलं कोणतं आहे? मला वाचून वाटलं, दोन्ही आहे. पंपवाल्यांसमोर पहिल्यांदा उभं राहणं त्यांचं. पट्टा राखणं सगळ्यांचं.

उत्तर ३ · असगोलीकर (गुहागर)

मी विरोधात लिहितोय, राग मानू नका. माझी आई मासे विकते.

पुरस्कार मिळाला की फोटो येतो, सत्कार होतात, पालकमंत्री येऊन जातात. पण आईला अजून मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व नाही. होडी वडिलांच्या नावाने, म्हणून मच्छीमार ते. मासे निवडणं, खारवणं, सुकवणं, डोक्यावरून बाजारात नेणं, उधारी वसूल करणं सगळं आई करते आणि कागदावर ती गृहिणी. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मत्स्यव्यवसायाला लागू झालं. आम्ही चौकशी केली तेव्हा पहिला प्रश्न आला, होडीचे कागद कुणाच्या नावावर?

तिसऱ्या काढणाऱ्या बायकांकडे तर होडीही नसते. खाडीत पाय ठेवायचा त्यांचा हक्क कुठल्या कागदावर आहे? ताई, तुमची ताकद आधी त्या कागदावर लावा. काकींना राष्ट्रपतींनी शाल दिली आणि पुढल्या वर्षी त्याच पट्ट्यात पुन्हा पंप आला, तर कुणाकडे जाल?

उत्तर ४ · निवृत्त मुख्यसेविका (कणकवली)

असगोलीकर, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि मी त्यातला एक शब्दही खोडणार नाही. पण दोन्ही कामांना लागणारा कागद एकच आहे. ग्रामसभेचा ठराव, विक्रीच्या नोंदी, बायकांची नावनिशीवार यादी, पट्ट्याचा हाताने काढलेला नकाशा. पुरस्कारासाठी हे जमवलं तर उद्या मत्स्यव्यवसाय खात्यापुढे किंवा तहसीलदारांपुढे ठेवायला तयार फाइल हातात असते. आणि राष्ट्रपतींच्या हस्ते मिळालेला पुरस्कार ज्या गटाकडे आहे त्याच्या पट्ट्यात पंप लावताना माणूस एकदा तरी मागे बघतो. एवढ्याने संरक्षण मिळतं असं मी म्हणत नाही. पण माझ्या नोकरीत मी बघितलंय, ज्या बायकांच्या कामाची कुठे नोंद नाही त्यांच्या तक्रारीला खुर्चीवरचा माणूस मान वर करूनही बघत नाही.

वेंगुर्ल्याच्या स्वामिनी गटाचं बघा. मांडवीच्या खाडीत कांदळवन सफारी चालवणाऱ्या बायका. त्यांना आज लोक गटाच्या नावाने ओळखतात, म्हणून खाडीचा विषय निघाला की त्यांना बोलावणं जातं.

उत्तर ५ · खाडीकाठची (मालवण तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. असगोलीकर दादा, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. तुम्ही लिहिलंत ते आमच्या प्रत्येक घरातलं आहे.

काल काकीला पडवीत बसवून हे सगळं वाचून दाखवलं. ती जाळ्याचे तुटलेले डोळे भरत ऐकत होती. तारिणीच्या सहा जणींचं तिने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते:

“माका एकटेक कित्याक? खाडयेत काय मी एकटीच उतारलंय? पयल्यांदा ग्रामसभेत उभी रवली ती माझी शेजारीण. ती आता नाय. तिचा नाव खय घालतलंस?”

हे मला माहीतच नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शेजारीण वारली होती. काकीने मग सगळं सांगितलं. पहिल्या सभेत बायका मागे भिंतीला लागून बसल्या होत्या, काकीसुद्धा. ती शेजारीण उठली, तिने पदरात आणलेल्या रिकाम्या शिंपल्या टेबलावर ओतल्या आणि सरपंचांना म्हणाली, ह्या मोजा, अख्ख्या सुकतीला एवढ्याच मिळाल्या. त्यानंतर काकी बोलायला उठली. ती शेजारीण पुढच्याच वर्षी गेली, आणि तेव्हापासून तिच्या मुलीला तिसऱ्यांचा पहिला वाटा काकीच लावून देते.

मी सांगितलं की संस्थेला पण मिळतो, गटाच्या नावाने करू. त्यावर ती तयार झाली. तिची एकच शंका राहिली, तुम्ही हसाल म्हणून सांगत नव्हती: “दिल्लीक बोलयल्यानी तर माका त्या गुळगुळीत लादयेर चप्पल घालून चलूक जमाचा नाय.”

उत्तर ६ · कारवारची सून

काकींना सांगा, अजिबात काळजी करू नका. आमच्या अंकोला तालुक्यातल्या होन्नळ्ळीच्या तुळसी गौडा, हालक्की समाजाच्या, जंगलखात्याच्या रोपवाटिकेत आयुष्यभर झाडं लावली. नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपती भवनात पद्मश्री घ्यायला त्या अनवाणी गेल्या, नेहमीच्या हालक्की पद्धतीच्या लुगड्यात, गळ्यात मण्यांच्या माळा घालून. त्यांना कुणी अडवलं नाही. अख्ख्या देशाने तो फोटो बघितला आणि आमच्या गावात तो दुकानादुकानांत लागला. त्या आता नाहीत, पण इकडे रोपवाटिकेच्या गोष्टी निघाल्या की पहिलं नाव त्यांचंच निघतं.

उत्तर ७ · निवृत्त मुख्यसेविका (कणकवली)

बाय, शेजारणीचं वाचून डोळे भरले. तिचं नाव प्रस्तावात घाल. पुरस्कार तिला देता येणार नाही, पण गटाच्या कामाचा इतिहास लिहिताना सुरुवात कुणी केली हे लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. तिच्या मुलीला मात्र आधी विचार.

ठराव शोधताना एवढं लक्षात ठेव. ग्रामपंचायतीत जुनी इतिवृत्तं बांधून माळ्यावर टाकलेली असतात. ग्रामसेवकांना लेखी अर्ज दे, पोच घे. महिला ग्रामसभेचं इतिवृत्त वेगळ्या वहीत असतं, तेही माग. बहुतेक जण तेच विसरतात, आणि बायकांचं बोलणं तर तिथेच लिहिलेलं असतं.

मसुदा इथे टाक. मी बघते.

उत्तर ८ · खाडीकाठची (मालवण तालुका)

अर्ज दिला, पोच मिळाली. महिला ग्रामसभेची वही सापडली आहे, कडा वाळवीने खाल्ल्यात, पण ठरावाचं पान शाबूत आहे. सूचक म्हणून शेजारणीचं नाव आणि अनुमोदक म्हणून काकीचं. तिच्या मुलीने ते पान हातात घेऊन वाचलं आणि “आयचा नाव घाला” म्हणाली.

मसुद्याची सुरुवात अशी केली आहे. कुठे जास्त झालं, कुठे कमी पडलं, सांगा:

‘आमचा गट खाडीत तिसऱ्या काढणाऱ्या बायकांचा आहे. आमच्यापैकी कुणाच्याही नावावर होडी नाही. वाळूउपशामुळे तिसऱ्यांचं बी बसण्याची जागा नाहीशी होत होती. महिला ग्रामसभेत आमच्यातल्या दोघींनी ठराव मांडला आणि खाडीचा एक पट्टा राखून ठेवण्यात आला. बारीक तिसरी परत पाण्यात सोडायची आणि पावसाळ्यात त्या पट्ट्यात उतरायचं नाही, हे दोन नियम आम्ही स्वतःला घालून घेतले आणि आजपर्यंत पाळले आहेत. तौक्ते वादळानंतर गावातल्या घरांना याच पट्ट्यातून अन्न मिळालं. ठराव मांडणाऱ्या दोघींपैकी एक आज हयात नाही. या प्रस्तावात तिचं नाव आम्ही सर्वांच्या संमतीने पहिलं लिहीत आहोत.’

यापुढे विक्रीच्या नोंदी आणि सगळ्या जणींची यादी जोडते आहे. दर्यावर्दी दादा, पट्ट्याचा नकाशा काढायला मदत कराल का? भरतीची आणि सुकतीची रेघ कशी दाखवायची ते मला जमत नाहीये.